संगणकाचे थ्रेड आणि आपल्या खिशातले पैसे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी मला निरोप धाडला की, यंदा संगणकावर चार शब्द बोला. संगणकावर बोलावयाचे म्हणजे 'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' असे म्हणून सुरुवात करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते मी बोलणार नाही. ते आपल्या पोरांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मला आज एका लहानशा, परंतु आपल्यापैकी बऱ्याच घरांना पैशाने भोवणाऱ्या गोष्टीबद्दल बोलावयाचे आहे.

मागच्या जूनमध्ये एक पालक मला भेटावयास आले. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. गृहस्थ बरीच वर्षे आखातात काम करून परत आलेले, पैशाची किंमत ओळखणारे. म्हणाले, "सर, पोराला लॅपटॉप घेतला. दुकानदार बोलला, ह्यात बारा थ्रेड आहेत, होम विंडोज घातली तर निम्मेच चालतील. म्हणून जादा पैसे भरून प्रो घेतली. बरं केलं ना?" मी पावती पाहिली. जादा भरलेले पैसे म्हणजे मुलाच्या पहिल्या सहामाहीच्या पुस्तकांची आणि रेल्वेच्या पासाची रक्कम होती. खोटे बोलून त्यांना बरे वाटू द्यावे असे क्षणभर मनात आले. परंतु सांगितले खरे तेच, की ते बारा थ्रेड होम विंडोजवरही बाराच्या बारा चालले असते. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आम्ही विचारायचं कुणाला?"

त्यांच्या त्या प्रश्नामुळेच आज मी हा विषय निवडला. दुकानदाराने मुद्दाम फसविले असेही मी म्हणत नाही. त्यालाही कोणीतरी तसेच सांगितले असावे. गंमत अशी की, त्या सांगण्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे थोडे सत्य दडलेले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आधी संगणकाच्या पोटात डोकावू या.

आपल्या घरच्या लग्नाच्या दावतीचा भटारखाना डोळ्यांपुढे आणा. भटारखाना ही एक जागा झाली. त्यात दोन, चार, आठ बावर्ची असतात. प्रत्येक बावर्चीकडे एखाद-दुसरी देग सोपविलेली असते. माल बाजूच्या कोठीतून येतो. आणि या सर्वांवर एक मुकादम असतो, जो हातात कागद घेऊन 'तू बिर्याणी पाहा, तू कोर्मा पाहा' असे सांगत फिरतो. संगणकात प्रोसेसरची चिप ज्या बैठकीत बसते तिला सॉकेट म्हणतात, तो आपला भटारखाना. चिपच्या आत हिशेब करणारे जे स्वतंत्र भाग असतात त्यांना कोअर म्हणतात, ते आपले बावर्ची. मेमरी, जिला पोरे रॅम म्हणतात, ती कोठी. आणि विंडोज किंवा लिनक्स ही जी ऑपरेटिंग सिस्टीम, ती मुकादम. मुकादम स्वतः काही शिजवीत नाही, परंतु तो नसेल तर एकही देग चुलीवर चढत नाही.

आता थ्रेड. या शब्दाचा अर्थ धागा, आणि भिवंडीला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना लगेच मागावरचे सूत आठवेल. येथे अर्थ इतकाच की, कामाचा एक सलग धागा, एकामागून एक येणाऱ्या सूचनांची एक ओळ. पूर्वी एक बावर्ची एका वेळी एकच देग पाहात असे. कोठीतून मसाला यावयास उशीर झाला की तो हात बांधून उभा. संगणकात हे फार घडते, कारण कोअरच्या मानाने मेमरी फारच संथ असते. इंटेल कंपनीने यावर एक युक्ती व्यापारात आणली. बावर्ची एकच, परंतु त्याच्या हाती दोन देगांच्या चिठ्ठ्या द्यावयाच्या. एकीचा मसाला येईपर्यंत दुसरीत झारा फिरवावयाचा. या युक्तीचे नाव हायपर-थ्रेडिंग. २००२ साली ती प्रथम झिऑन या सर्व्हरच्या चिपमध्ये आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घरगुती पेंटियम ४ च्या ३.०६ गिगाहर्ट्झच्या चिपमध्ये. एएमडी कंपनीनेही २०१७ साली रायझन चिपमध्ये अशीच सोय आणली.

परंतु लक्षात घ्या, चिठ्ठ्या दोन झाल्या तरी हात दोनच राहिले. बावर्ची काही दुप्पट झाला नाही. खुद्द इंटेलने त्या वेळी फायदा सांगितला होता तो काही कामांत तीस टक्क्यांपर्यंतचा, शंभर टक्क्यांचा नव्हे. तेव्हा 'चार कोअर, आठ थ्रेड' असे खोक्यावर लिहिलेले असेल तर बावर्ची चारच आहेत हे पक्के समजावे.

आता त्या दुकानदाराच्या बोलण्यातले जुने सत्य पाहू. मुकादमाला ही नवी रीत कळली पाहिजे की नाही? विंडोज २००० ही प्रणाली हायपर-थ्रेडिंगच्या आधीची. तिला हजेरीपटावर नुसती नावे दिसत, त्यामागची माणसे दिसत नसत. एका बावर्चीच्या दोन चिठ्ठ्या म्हणजे तिच्या लेखी दोन बावर्ची. त्यातून परवान्याची अट अशी की, प्रोफेशनल आवृत्तीने दोनच प्रोसेसर वापरावे, सर्व्हर आवृत्तीने चार. समजा, एखाद्या कचेरीने चार चिपांचा सर्व्हर घेतला आणि प्रत्येक चिपवर हायपर-थ्रेडिंग चालू आहे. विंडोज २००० सर्व्हरला तेथे आठ नावे दिसत, चार मोजून झाली की तिचा परवाना संपे आणि उरलेल्या चार नावांना काम मिळत नसे. म्हणजे 'ही आवृत्ती निम्मेच थ्रेड चालविते' हे वाक्य त्या यंत्रापुरते अक्षरशः खरे होते.

ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीने ही मोजणी बदलली. तिने नावे मोजणे सोडून भटारखाने मोजावयास घेतले. एक्सपी होमला एक सॉकेट, एक्सपी प्रोफेशनलला दोन. त्या एका सॉकेटमध्ये हायपर-थ्रेडिंगचे दोन थ्रेड असोत, की पुढे २००५ पासून आलेल्या चिपांतले दोन स्वतंत्र कोअर असोत, होम आवृत्ती दोन्हींना कामाला लावी. आणि ही रीत तेव्हापासून आजतागायत चालू आहे. विंडोज ७ मध्ये स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम यांना एक सॉकेट, प्रोफेशनल आणि अल्टिमेटला दोन. विंडोज १० व ११ मध्ये होमला एक, प्रोला दोन, आणि वर्कस्टेशनसाठीच्या खास प्रो आवृत्तीला चार. आता मला सांगा, आपल्यापैकी कोणाच्या घरच्या लॅपटॉपात दोन सॉकेट आहेत? एकाच्याही नाहीत. दोन सॉकेटची यंत्रे मोठ्या कचेऱ्यांत, सिनेमाच्या स्टुडिओत आणि सर्व्हरच्या खोल्यांत असतात.

येथे मला माझीही एक चूक कबूल केली पाहिजे, नाहीतर आपण म्हणाल की मास्तर फक्त दुसऱ्याच्या पावत्या तपासतो. २००३ साली मी ज्या शाळेत होतो तेथे कार्यालयासाठी नवा पेंटियम ४ घेतला. हायपर-थ्रेडिंगवाला घ्या, असा आग्रह माझाच. व्यवस्थापनाने कुरकुर करीत पैसे मंजूर केले. यंत्र आले, आणि मी त्यावर विंडोज ९८ चढविली! कारण काय, तर प्रश्नपत्रिका टाईप करण्याचा आमचा मराठी फाँट आणि जुना प्रिंटर तिच्यावर सुरळीत चालत. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर ओळखताच येत नाही. तिच्या भटारखान्यात एकच बावर्ची, एकच देग. तीन वर्षे ते यंत्र तसेच चालले, आणि ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले तो गुण एक दिवसही कामास आला नाही. ते मला कोणी विचारले नाही, कारण ते तेथे कोणाला ठाऊकच नव्हते. मलाही पुष्कळ उशिरा कळले. असो.

मग आवृत्त्यांत फरक नसतोच का? असतो, आणि तो नीट पाहावयास हवा. वर्तमानपत्राची मुंबई आवृत्ती आणि कोकण आवृत्ती निघते ना, तसेच हे आहे. छापखाना एक, अग्रलेख एक, आतली काही पाने निराळी. विंडोज एक्सपीची एक स्टार्टर आवृत्ती आपल्या देशात विकली जात असे, हिंदीतही होती. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. विंडोज ७ च्या स्टार्टरला मेमरी दोन जीबीपर्यंतच चाले. होम बेसिक, जी मुख्यतः आपल्यासारख्या देशांसाठीच काढली होती, तिला आठ जीबी. आणि कोणतीही नेहमीची ३२-बिटची विंडोज घेतली तर चार जीबीच्या पलीकडची कोठी तिच्या दृष्टीने कुलूपबंदच. कित्येक घरांत मी पाहिले आहे की, आठ जीबी मेमरी बसविली आणि वर ३२-बिटची विंडोज. अर्धा माल कोठीत पडून, आणि मुलगा म्हणतो यंत्र हळू चालते! विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे हा घोळ आता पुढे होणार नाही.

आज होम आणि प्रो यांत जो फरक आहे तो कुलपांचा आणि कचेरीच्या सोयींचा आहे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप घालून ते स्वतः सांभाळणे, कंपनीच्या जाळ्यात यंत्र सामील करणे, दुसऱ्या ठिकाणाहून आपल्या यंत्रात शिरून काम करणे, हायपर-व्ही नावाची सोय वापरून एका यंत्रात दुसरे काल्पनिक यंत्र चालविणे, ही प्रोची पाने. कंप्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना हे शेवटचे लागते खरे. परंतु त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतो आणि तो होमवर चालतो. विंडोजच्या आत लिनक्स चालविण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे, तीही होमवर चालते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, शिकणाऱ्या मुलासाठी प्रोचे पैसे भरू नयेत. तेवढ्याच पैशांत मेमरी वाढवावी, नाहीतर जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. त्याने यंत्र जितके चपळ होईल तितके आवृत्ती बदलून कधीच होणार नाही.

आखातातून कोणी भाऊ-मामा स्वस्तातला लॅपटॉप घेऊन आला तर आणखी एक गोष्ट पाहा. अशा काही यंत्रांत विंडोज होम ही 'एस मोड' नावाच्या बंधनात असते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातलेच प्रोग्राम तिच्यात चढतात. हे बंधन काढून टाकणे मोफत आहे, फक्त एकदा काढले की ते पुन्हा घालता येत नाही. ते काढून देण्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

थ्रेडच्या आकड्यामागे लागू नये याचे दुसरे कारण म्हणजे तो आकडा आता सरळ राहिलेला नाही. २०२१ च्या शेवटी आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीपासून एकाच चिपमध्ये दोन जातींचे बावर्ची असतात, काही दमदार आणि काही काटकसरी. लॅपटॉपात पुष्कळ दिसणारी आय-फाइव्ह १२३५यू ही चिप घ्या. तिच्यात दोन दमदार कोअर आणि आठ काटकसरी, मिळून दहा. दमदारांना दोन-दोन चिठ्ठ्या, काटकसऱ्यांना एकेक, म्हणून थ्रेड बारा. आणि २०२४ साली इंटेलने काढलेल्या अल्ट्रा ७ २५८व्ही या चिपमध्ये हायपर-थ्रेडिंग काढूनच टाकले. कोअर आठ, थ्रेडही आठ. बारा थ्रेडवाली जुनी आणि आठ थ्रेडवाली नवी, यांत एकट्या धाग्याच्या कामात नवीच जलद. आकडा पाहून घेणारा मात्र बारावालीच उचलणार! अशा मिश्र भटारखान्यात कोणते काम कोणाला द्यावे हे कळणारा मुकादम लागतो, आणि ते काम विंडोज ११ आधीच्या विंडोजपेक्षा अधिक जाणतेपणाने करते. विंडोज १० वरही हे सर्व कोअर चालतात, फक्त वाटणी तितकी हुशारीची नसते.

शिवाय सगळीच कामे वाटता येतात असे नाही. दहा बावर्ची लावले म्हणून एक देग दहापट लवकर दम खात नाही. निबंध टाईप करणे, बोर्डाचा फॉर्म भरणे, यांना दोन कोअरही पुष्कळ झाले. चलच्चित्राचे संपादन, मोठ्या प्रोग्रामची बांधणी, त्रिमिती नकाशे ही कामे वाटली जातात, तेथे जादा कोअरचा उपयोग आहे. आर्किटेक्चरला जाणाऱ्या मुलीला आणि बी.कॉम.ला जाणाऱ्या मुलाला एकच यंत्र घेऊ नका, इतकेच.

आता खऱ्या काळजीच्या गोष्टीकडे येतो. आवृत्ती होम की प्रो, याचा एवढा खल आपण करतो, परंतु मायक्रोसॉफ्ट या यंत्राला किती दिवस सांभाळणार हा प्रश्न कोणी विचारीत नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. देखभाल संपली म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. ते चालतेच. परंतु दाराच्या कडीत नवी खोट सापडली तर ती दुरुस्त करावयास कोणी येत नाही. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो, त्याचे दार असे उघडे ठेवणे बरे नव्हे. आपल्या समाजातल्या कित्येक मुलांचे पुढचे वर्ष त्या शिष्यवृत्तीवर उभे असते.

विंडोज ११ वर जावे तर तिची अट थ्रेडची नाहीच. दोन कोअर असले तरी पुरे, चार जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग, आणि चिप त्यांच्या मान्य यादीत हवी. इंटेलची यादी, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून सुरू होते. याचा परिणाम कसा विचित्र होतो पाहा. आय-सेव्हन ७७०० ही २०१७ ची चिप, चार कोअर, आठ थ्रेड, त्या काळी श्रीमंती यंत्रात असे. ती यादीत नाही. आणि सेलेरॉन एन ४०२०, दोन कोअर, दोनच थ्रेड, अगदी साधी चिप. ती यादीत आहे! आठ थ्रेडवाला दाराबाहेर आणि दोनवाला आत. कोणी जुना आय-सेव्हन 'आठ थ्रेड, अगदी दणदणीत' म्हणून विकावयास आला तर ही गोष्ट आठवावी. आडवाटेने विंडोज ११ त्यावर चढविणारे लोक आहेत. परंतु कंपनीच त्याची हमी देत नाही, तेव्हा मी तरी तो मार्ग सुचविणार नाही.

हाच प्रश्न आपल्या प्रयोगशाळेपुढेही उभा आहे. आपल्या चोवीस यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक सातव्या पिढीची किंवा त्याआधीची आहेत. ती भंगारात द्यावी असे एक मत समितीत निघाले. मी त्याच्या विरुद्ध आहे आणि येथे सर्वांसमक्ष ते सांगतो. देखभाल पैसे भरून वाढवून घेण्याची सोय आहे. शाळांसाठी मायक्रोसॉफ्टने तिचा दर यंत्रामागे पहिल्या वर्षाला एक डॉलर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार असा लावला, आणि तिसऱ्या वर्षानंतर ती संपते. घरगुती यंत्रांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. यातून वेळ मिळतो, तोड मिळत नाही.

तोड आहे ती लिनक्सची. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहून खुला केला. १९९६ च्या दुसऱ्या मालिकेपासून ती अनेक प्रोसेसर एकत्र चालविते. होम-प्रो असा भेद करून सॉकेट मोजण्याचा प्रकार त्या गाभ्यात नाही. तोच गाभा सेलेरॉनवर आणि तोच महासंगणकावर. केरळच्या सरकारी शाळांत 'काइट' या सरकारी संस्थेने लिनक्सवर उभारलेली प्रणालीच चालते. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स काढली आहे, आणि शाळांसाठी तिचे 'एड्युबॉस' असे रूपही आहे. मराठी टाईप करण्याची अडचण आता राहिलेली नाही. मात्र वाणिज्य शाखेला टॅली लागते आणि चित्रकलेच्या मुलांना कोरलड्रॉ. ती लिनक्सवर सरळ चालत नाहीत. म्हणून नवी यंत्रे त्या मुलांकडे विंडोज ११ सह ठेवावी आणि जुनी पाचवी ते दहावीच्या वर्गांना लिनक्स चढवून द्यावी, असे माझे म्हणणे आहे. पालकांची हरकत येईल ती एकच, की 'नोकरीत तर विंडोजच लागते.' त्याचे उत्तर फार दूर नाही, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच आहे.

आपल्यापैकी जे जुने रहिवासी आहेत त्यांनी त्या पट्ट्यात रसायनांच्या कारखान्यांची धुराडी पाहिली आहेत. आज ऐरोली, रबाळे, महापे येथे आणि पनवेलच्या बाजूला जी बिनखिडक्यांची प्रचंड घरे उभी आहेत ती डेटा सेंटर आहेत. बँकांचे, कंपन्यांचे, सरकारचे संगणक तेथे रांगांनी मांडलेले असतात, आणि त्यांतले पुष्कळसे लिनक्सवर चालतात. तेथे विंडोजही आहे, परंतु तेथली मोजणी घरच्यासारखी नाही. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये एक परवाना दोन प्रोसेसरना पुरत असे, आत कोअर कितीही असोत. २०१६ च्या सर्व्हरपासून मायक्रोसॉफ्टने कोअर मोजावयास सुरुवात केली. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान आठ, प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचे परवाने घ्यावे लागतात. दोन चिपांचा सर्व्हर, प्रत्येक चिपमध्ये बत्तीस कोअर, तर परवाने चौसष्ट कोअरचे. थ्रेड तेथे एकशे अठ्ठावीस दिसतात, परंतु त्यांचे पैसे नाहीत. ज्याला हा फरक कळत नाही तो मुलगा एकतर कंपनीला दुप्पट खर्चात घालील, नाहीतर कमी परवाने घेऊन तपासणीत अडकवील. उलट रेड हॅट कंपनी आपल्या लिनक्सची वर्गणी सॉकेटच्या जोडीवर लावते. सॉकेट, कोअर, थ्रेड हे तीन शब्द नीट वेगळे करता येणे म्हणजे तेथे रोजची भाकरी आहे.

मुलांनो, हे सर्व परदेशातच घडले असे समजू नका. एक काम अनेक प्रोसेसरना वाटून द्यावयाचे कसे, या प्रश्नावर आपल्या पुण्यात १९८८ पासून झटून काम झाले. त्या वर्षी सी-डॅक स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा संगणक पुढे आला. ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिपा मोठ्या संख्येने जोडून तो केला होता. एकटा बावर्ची भीमासारखा मिळत नाही ना, मग साध्या बावर्चींची फौज उभारू, असा तो विचार. फौजेला मुकादम हवा, म्हणून तिच्यासाठी प्रणालीही येथेच लिहिली गेली. त्याच सी-डॅकचे एक केंद्र आपल्या खारघर स्टेशनासमोर आहे. मुंबईत १९८५ साली सुरू झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, जिला सर्व जण एनसीएसटी म्हणत, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. आपण लोकलमधून रोज त्या इमारतीवरून जातो. पदवीनंतर तेथे जे अभ्यासक्रम चालतात त्यांची प्रवेशपरीक्षा आपल्या मुला-मुलींनी द्यावी, असे मला फार वाटते. मागील काही वर्षांत माझ्या दोन विद्यार्थिनींनी ती दिली. एक पहिल्या खेपेस, दुसरी तिसऱ्या खेपेस आत गेली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षसाहेबांनी पुढे सरकविली आहे. तेव्हा घरी करावयाचे काम सांगतो आणि बसतो. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू. खाली सॉकेट्स, कोअर्स आणि लॉजिकल प्रोसेसर्स असे तीन आकडे दिसतील. लॉजिकल प्रोसेसर म्हणजेच आपले थ्रेड. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या, तेच आकडे मिळतील. ते वहीत उतरवा, चिपचे नाव त्याखाली लिहा, आणि तिसऱ्या ओळीत विंडोज कोणती, होम की प्रो, ३२ की ६४ बिट, ते लिहा. लॉजिकल प्रोसेसर्सचा आकडा चिपच्या थ्रेडइतका भरला, तर आपली आवृत्ती सर्वांना काम देते आहे असे समजा. त्या गृहस्थांच्या मुलाने हेच लिहून आणले होते. सॉकेट एक, कोअर दहा, लॉजिकल प्रोसेसर बारा. शेजारच्या मुलाकडे तीच चिप आणि होम विंडोज, त्याचेही बारा. दोन्ही वह्या शेजारी ठेवून त्यांनी स्वतः पाहिल्या.

सोमवारी दुपारी तीन ते पाच मी प्रयोगशाळेत बसेन. ज्यांना नवे यंत्र घ्यावयाचे आहे त्यांनी दुकानातले दरपत्रक घेऊन यावे, पैसे देण्याच्या आधी. ज्यांच्या घरी संगणक नाही अशा मुलांनी खिडकीजवळच्या सात क्रमांकाच्या यंत्राचे आकडे लिहावेत. ते जुने आहे आणि सुरू व्हावयास चार मिनिटे घेते, तेव्हा थोडे लवकर या.